नऊ नंबरची डबी

अक्काच्या बारा डब्यांना तोंड होतं, कान नव्हते. हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याचा अर्थ कळायला दोन महिने लागले, आणि तोवर सांगोल्याजवळच्या एका डाळिंबाच्या बागेतली माळाकडची झाडं वाळायला लागली होती.

अक्का माझी थोरली बहीण. सोलापुरातल्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. मी बावीस वर्षं वृत्तपत्राच्या डेस्कवर काढली. आवृत्ती बंद झाली तसा घरी बसलो. बसलो हा शब्द बरोबर नाही. सकाळी सहाला उठून दाराशी जायचो, परत यायचो, संध्याकाळी पान छपाईला सोडायच्या वेळेला पाय आपोआप हलायला लागायचे. हातात काही काम नसताना घड्याळ बघण्याची सवय जात नाही. अक्कानं ते चार-सहा दिवस पाहिलं आणि एक लांब वही माझ्यापुढं टाकली. तिच्या डब्यांचे आकडे रोज तीन वेळा उतरवून घ्यायचे, कोणता आला नाही ते लिहायचं, एवढंच काम.

डबी म्हणजे साबणाच्या डबीएवढं प्लॅस्टिकचं खोकं. त्याचे दोन खिळे झाडाच्या बुडाशी मातीत. मातीत ओल किती आहे ते डबी मोजते आणि रेडिओवरून कळवते. बोलत राहिली तर वीज जास्त खाते, म्हणून ती बोलत नाही, नुसते ठोके देते. एक ठोका डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो. आधी डबीचा नंबर सांगणारे ठोके, मग थोडी शांतता, मग पुन्हा ठोके. मधली शांतता जितकी लांब, तितकी माती कोरडी. म्हणजे बातमी ठोक्यात नसते, दोन ठोक्यांमधल्या अंतरात असते. हे मला आवडलं होतं. बारा डब्या एकाच वाटेनं ठोके देत होत्या, आणि शेततळ्याच्या बांधावर खांबाला लावलेला एकच यंत्र-कान ते ऐकून मोबाईलवर आकडे पाठवत होता.

मी डेस्कचा माणूस म्हणून लगेच एक सूचना केली. आमच्याकडे निवडणुकीच्या मतमोजणीला तालुक्यातालुक्यांतले सगळे वार्ताहर एकाच नंबरवर फोन करायचे. टेंभुर्णीचा लागायचा तेव्हा वेळापूरचा आणि सांगोल्याचा अडकायचा. दोघं फोन ठेवायचे, दोघंही तेवढाच वेळ थांबायचे आणि पुन्हा एकदमच लावायचे. शेवटी आम्ही वेळा वाटून दिल्या. तसंच डब्यांना करावं, असं मी म्हणालो. अक्का म्हणाली, वार्ताहरांच्या मनगटावर घड्याळ असतं आणि फोन लागला नाही हे त्यांना कळतं. डबीतलं घड्याळ स्वस्तातलं, दिवसा तापलं आणि रात्री गारठलं की मागंपुढं होतं. आणि आपला ठोका दुसऱ्याच्या ठोक्यावर पडला हे डबीला कळतच नाही. तोंड आहे, कान नाहीत.

बागेची मालकीण पन्नाशीची. नवरा टेंभुर्णीहून मालट्रकवर जातो, आठवड्यातून दोन दिवस घरी. बाग तीच बघते. अक्का तिला वहिनी म्हणते, म्हणून मीही. बागेचं रान दोन जातीचं. खालचं, तळ्याकडचं, काळं आणि भारी. वरचं, माळाकडचं, मुरमाड. आंबे बहार, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारा डाळिंबाचा फुलोरा, धरायचा तर झाडाला आधी ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडायचं. झाड दमलं पाहिजे, पण मरता कामा नये. नंतर पाणी सोडलं की एकदम कळी धरते. मुरमाड रानात ताण थोडे दिवस पुरतो, भारीत जास्त लागतो. कुठं कधी थांबायचं हे वहिनी आजवर माती हातात चोळून ठरवायची. या वर्षी तिनं डब्यांवर ठेवलं. तिच्या जावेनं त्यावरून टोमणा मारला होता, की आता रानात जायचं सोडून वहिनीबाई मोबाईलवर शेती करणार. वहिनीनं तो आम्हाला हसत सांगितला, पण विसरली नव्हती.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. अक्कानं आणि मी झाडाझाडापाशी चालत जाऊन एकेक डबी सुरू केली होती. प्रत्येक डबीला सौरपट्टी होती. बाराच्या बारा आकडे येत होते. मग शेळ्यांनी दोन पट्ट्यांच्या वायरी खाल्ल्या, बाकीच्यांवर धूळ बसली. वहिनीनं गावातल्या वायरमनला बोलावून मोटरीच्या स्टार्टरपासून एकच वायर ओढली आणि बाराही डब्या तिच्यावर टाकल्या. थ्री फेज लाईट आली की डब्या चालू, गेली की बंद. दिवसातले आठ तास पुरेसे होते. अक्काला फोनवर विचारलं तेव्हा ती हो म्हणाली. वायरमनचं काम स्वच्छ होतं. मी वहीत त्या दिवशी लिहिलं: वीजजोडणी झाली, आता खंड पडणार नाही.

खंड पडला नाही. मोबाईलवर बारा आकडे दिसत राहिले. मी रोज तीन वेळा उतरवत राहिलो. तेवढ्यानं पायांची हालचाल थांबली नाही. दर तासाला मोबाईल उघडायचो, आकडे तेच असायचे, बंद करायचो.

मग एका गुरुवारी सकाळी वहिनीचा फोन आला. वर माळाकडं पानं गाळायचं औषध न मारताच पानगळ झाली होती. ताणात पान पिवळं पडतं, गळतंही, त्याचं तिला काही नव्हतं. पण शेंडे वाळत होते. फांदी मोडली तर आत हिरवं दिसत नव्हतं. ती आवाज न चढवता म्हणाली, "मॅडम, तुमचा मोबाईल म्हणतोय रान वलं हाय. झाड म्हणतंय न्हाय. मी कुणाचं ऐकू?"

अक्का म्हणाली, झाडाचं. वर लगेच पाणी सोडा, आम्ही निघतो.

सोलापूर ते सांगोला बसमध्ये मी वही उघडली. नऊ नंबरची डबी माळाच्या टोकाची. तिचा आकडा पाहिला. आदल्या दिवशीचा तोच. त्याच्या आदल्या दिवशीचाही तोच. मागं जात राहिलो. सलग पाच दिवस, दिवसातून तीनदा, माझ्याच अक्षरात एकच आकडा लिहिलेला होता. वरच्या चार डब्यांपैकी बाकीच्यांचं थोडंफार तसंच, कधीतरी एखादी हललेली. रोज बदलणारी एकच डबी होती, एक नंबरची, खांबाच्या सर्वांत जवळची. ती तळ्याच्या झिरपणाऱ्या बांधाखाली होती, तिथं माती कायम ओली.

डेस्कवर नवीन माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायची असते, बातमी कधीची आहे ते आधी विचार. मी ती पंधरा-वीस जणांना शिकवली होती. शिळी बातमी आजच्या तारखेनं गेली म्हणून एकाला पानावरून उतरवलंही होतं. इथं पंधरा वेळा एकच आकडा स्वतःच्या हातानं लिहिला आणि तो कधी आला हे विचारलं नाही. बारा रकाने भरलेले दिसत होते, तेवढ्यावर समाधान मानलं.

अक्कानं वही पाहिली आणि मान हलवली. चूक अर्धी तिची होती. डबीकडून नवीन काही ऐकू आलं नाही तर पडद्यावर रिकामं दिसू नये म्हणून तिनं आधीचा आकडा तसाच राहू दिला होता. रिकाम्या जागा बघून शेतकरी घाबरतात, असं तिचं म्हणणं होतं.

बागेत वहिनीनं ठिबक सुरू केलं होतं. नळ्यांमधून थेंब पडत होते आणि मुरूम ते लगेच पीत होता. ती आमच्याबरोबर एकेका झाडापाशी आली, नखानं साल खरवडून दाखवत. हे हिरवं हाय. हे हाय. हे न्हाय. तिनं आरडाओरडा केला असता तर सोपं गेलं असतं. तिनं अक्काला विचारलं ते एवढंच, की खालच्या रानाचा ताण अजून तोडायचा, म्हणजे पाणी सोडायचं आहे, तिकडचे आकडे तरी खरे का खोटे. अक्कानं थोडे दिवस मागितले. वहिनीनं सोमवारपर्यंत मुदत दिली. शेतीची लाईट आठवड्याच्या पाळीनं येते, सोमवारपासून सकाळची पाळी होती. तोवर डब्या बंद आणि ती स्वतः माती चोळून बघणार. सोमवारी डब्या खरं बोलल्या नाहीत तर उपटून घेऊन जायच्या.

निघण्याआधी अक्कानं एक केलं. खांबावरच्या यंत्राला छोटा स्पीकर जोडला, म्हणजे ऐकलेला प्रत्येक ठोका टिक असा वाजेल. लाईट होती तोवर तिनं डब्या थोडा वेळ चालू ठेवून तो आवाज मोबाईलवर भरून घेतला. एक जाड, भरीव टिक. मग शांतता. मग पुन्हा तशीच.

घरी नान्ना होते. आमचे वडील, निवृत्त जॉबर. जॉबर म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यातला दुरुस्तीचा माणूस. त्यांनी चाळीस वर्षं माग ऐकले. घरात आम्ही तेलुगू बोलतो, इथं ते मराठीत लिहितो आहे. अक्कानं त्यांना काय झालं ते सांगितलं आणि आवाज ऐकवला. त्यांनी तो तीनदा ऐकला. कारखान्याच्या आवाजानं त्यांचे कान आता उंच आवाज नीट धरत नाहीत, पण ठोका धरतात.

"बारा माग, एक जॉबर, आणि जॉबर बहिरा," ते म्हणाले. "काय ऐकू येणार?"

मग त्यांनी अक्काला विचारलं, लहानपणी ती त्यांचा डबा घेऊन कारखान्यात यायची तेव्हा नुसता डबाच आणायची की काही बघायची पण? लाईट गेली आणि परत आली तर काय व्हायचं?

मला आठवत होतं. सगळे माग एकदम सुरू करायचे नाहीत, असा नियम होता. एकदम भार पडला तर फ्यूज उडायचा. लाईट आली की आधी सात नंबरचा माग. मग दोन नंबरवाला वीस आकडे मोजून, मग अकरावाला चाळीस मोजून. हा क्रम नान्नांनी ठरवलेला होता आणि प्रत्येक विणकराला आपला आकडा पाठ होता. विणकर ओठ हलवत मोजत उभे असायचे.

"तुझे बारा माग एका खटक्यावर सुरू होतायत," नान्ना म्हणाले. "एकाच वेळी, एकाच चालीनं. मग जो जवळ आहे त्याचाच आवाज येणार."

तेच झालं होतं. पहिल्यांदा आम्ही चालत जाऊन डब्या सुरू केल्या, त्यामुळं त्या मागंपुढं होत्या. वायर ओढल्यावर लाईट येताच बाराही एकाच क्षणी जाग्या व्हायच्या. सगळ्यांमध्ये एकच प्रोग्रॅम, एकाच लॅपटॉपवरून भरलेला. नंबर वेगळे, पण बोलण्याची वेळ एकच. एक नंबरची डबी खांबाशेजारी असल्यानं तिचा ठोका सर्वांत मोठा, म्हणून तिचंच ऐकू यायचं. वीज असण्याच्या तासांत घड्याळं किंचित सरकून एखादी सुटी पडायची, तेवढीच नवी बातमी. दुसऱ्या दिवशी लाईट आली की पुन्हा सगळ्या एका ओळीत. खंड पडणार नाही म्हणून मी वहीत लिहिलेली वीजजोडणीच बातमी मारत होती.

प्रत्येक डबीनं आपापला आकडा मोजून सुरू व्हायचं, हे अक्कानं त्याच संध्याकाळी लिहून टाकलं. पण ते पुरणार नव्हतं. घड्याळं सरकणारी असली की वेगवेगळ्या वेळी निघालेल्या डब्याही केव्हातरी एकमेकींवर येणारच. नान्ना म्हणाले की मागही तसेच येतात. दोन माग थोडा वेळ एका ठेक्यात पडतात. तरी कोणता कोणता ते कळतं, कारण प्रत्येक माग आपापल्या परीनं लंगडतो. एकाचा तिसरा ठोका उशिरा, एकाचा दुसरा लवकर. जॉबर आवाज ओळखत नाही, लंगडणं ओळखतो.

यावरून अक्का जिथं पोचली ते तिला माहीत असलेलंच होतं, पुस्तकात होतं, फक्त बारा डब्यांसाठी एवढं करावं लागेल असं तिला वाटलं नव्हतं. प्रत्येक डबीनं तीन ठोके द्यायचे, पण त्या तिघांमधली अंतरं बारा डब्यांत कुठंही पुन्हा यायची नाहीत. मग दोन डब्या एकमेकींवर कशाही पडल्या तरी त्यांचा फार तर एक ठोका एकत्र येईल. उरलेल्या दोन ठोक्यांमधलं अंतर फक्त एकाच डबीचं असणार, त्यावरून ती ओळखता येईल. हे तीन ठोके दोनदा यायचे, आणि दोन वेळांमधली शांतता म्हणजे ओल, ते आधीसारखंच.

शुक्रवारी तिनं लॅपटॉपवर बारा नमुने काढले. शंभर घरांची एक ओळ, त्यात तीन भरलेली. लॅपटॉपनं तपासून सगळे ठीक म्हणून सांगितलं. नान्नांचा विश्वास बसेना. त्यांच्या पलंगाखाली जकार्डची जुनी कार्डं होती, चादरीवरची नक्षी मागाला सांगणारी भोकांची जाड पुठ्ठ्याची कार्डं, कारखाना बंद झाला तेव्हा आणलेली. त्यातले कोरे पुठ्ठे निवडून त्यांनी पट्ट्या कापल्या, जोडून लांब केल्या, घरं आखली आणि हातपंचानं प्रत्येकीवर तीन भोकं पाडली. बारा पट्ट्या. मग खिडकीपाशी बसून दोन पट्ट्या एकमेकींवर धरायच्या आणि वरची एकेक घर सरकवायची. उजेड एकाच भोकातून आला तर ठीक. दोन भोकांतून आला तर नाही.

मी आत-बाहेर करत होतो. शनिवारचा अख्खा दिवस पट्ट्या सरकत होत्या. दर थोड्या वेळानं मी वहिनीला फोन करायचो. ती दोन वाक्यांत सांगायची, अजून कळत नाही, झाडाला घाई नसते. चौथ्यांदा केला तेव्हा म्हणाली की पेपरवाल्यांना बातमी लागते, तिच्याकडं बातमी नाही. मी फोन ठेवला आणि पाच मिनिटांनी पुन्हा हातात घेतला.

दुपारी नान्नांनी अक्काला हाक मारली. चार नंबरची आणि अकरा नंबरची पट्टी त्यांनी उजेडात धरली होती. वरची सतरा घरं सरकवलेली. उजेडाचे दोन ठिपके त्यांच्या मांडीवर पडले होते.

अक्कानं लॅपटॉप उघडला. तिच्या प्रोग्रॅमनं पट्ट्या फक्त एका रेषेत ठेवून तपासल्या होत्या, सरकवून नाही. म्हणजे बाराही डब्या एकाच वेळी निघतील असं धरून. जी चूक बागेत झाली तीच तिनं तपासणीत पुन्हा केली होती. नान्नांनी अकरा नंबरची पट्टी बाजूला ठेवली आणि नवा पुठ्ठा घेतला.

आता तिनं सरकवून तपासायला लावलं, तसे आणखी तीन नमुने बाद झाले. संध्याकाळपर्यंत नवे मिळाले. लॅपटॉपला त्यासाठी फार वेळ लागला नाही, पण नान्नांनी नव्या पट्ट्याही पुन्हा उजेडात धरून पाहिल्या, रविवारी दुपारपर्यंत. अक्कानं थांबवलं नाही. मी पडद्याचं काम मागून घेतलं. प्रत्येक आकड्याखाली तो कधी ऐकला ती वेळ यायला हवी, आणि ठरलेल्या वेळेत ऐकलं नाही तर तिथं काहीही दिसता कामा नये. जागा कोरी. अक्कानं एकदा विचारलं, वहिनी घाबरली तर? मी म्हणालो, घाबरू दे.

सोमवारी आम्ही लाईट यायच्या आधी बागेत होतो. अक्कानं लॅपटॉपवरून एकेका डबीत नवा प्रोग्रॅम भरला. नान्नाही आले, हट्टानं. खांबाखाली खुर्ची टाकून बसले. वहिनी चहा ठेवून आली आणि उभीच राहिली. तिची जाऊ बांधावर शेळ्या घेऊन होती आणि लांबून बघत होती. मोटरीचा आवाज झाला. लाईट आली. स्पीकरमध्ये काहीच नाही. नान्ना ओठ हलवत मोजत होते. मग एक टिक, बारीक. थोड्या अंतरानं दुसरी. मग दोन जवळजवळ. मग विसकटलेल्या, मागंपुढं, जाड नसलेल्या टिका येत राहिल्या. बाजारात दाणे सांडावेत तशा. मला त्यात काही कळत नव्हतं. मी मोबाईल बघत होतो.

एक आली. सात आली. तीन. बारा. खालच्या रानातल्या सगळ्या आल्या. वरच्या दहा, अकरा. आकडे आणि त्यांच्याखाली वेळ. नऊ नंबरची जागा कोरी राहिली.

पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. मी खांबाभोवती चकरा मारत होतो. अक्का स्पीकरला कान लावून होती. नान्ना म्हणाले, नऊचं लंगडणं यात नाही, ती बोलतच नाही. अक्कानं वहिनीकडं पाहिलं आणि सरळ सांगितलं की नऊ नंबरचं काय झालंय ते इथून कळत नाही.

वहिनीनं मोबाईल माझ्या हातातून घेतला, कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"गप हाय तर गप हाय म्हणून दावतंय की," ती म्हणाली. "आता मला कळलं कुटं जायचं ते."

ती वर गेली. नऊ नंबरच्या झाडापाशी वायरचा जोड निघाला होता, ठिबकची नळी सरळ करताना तिच्याच हातानं ओढला गेलेला. तिनं तो तिथंच पीळ देऊन जोडला. थोड्या वेळानं पडद्यावर आकडा आला, खाली वेळ. तिनं तो बघितला नाही. ती गुडघ्यावर बसून माती चोळत होती.

डब्या उपटल्या नाहीत. खालच्या रानाचा ताण आकडे आणि हात दोन्ही बघून तोडला, तिकडं कळी चांगली निघाली. वर उशीर लागला. बहुतेक झाडांना बुडाकडून फूट आली, पण या बहाराचं फळ तिथं धरता आलं नाही. माळाच्या टोकाची सात झाडं परत आली नाहीत. नऊ नंबरची डबी त्या सातांच्या मध्ये आहे. वहिनीनं ती झाडं काढली, डबी काढली नाही. तिथं नवी रोपं लावायची आहेत.

मी अजून तीन वेळा आकडे उतरवतो, आता वेळेसकट. एखादी जागा कोरी असली तर वहीतही कोरी सोडतो आणि वहिनीला फोन लावतो. ती बहुतेक वेळा उचलत नाही. रानात त्या झाडापाशी गेलेली असते.